चाक मोठे केले म्हणून ओढ वाढत नाही

साताऱ्याहून मेढ्यामार्गे महाबळेश्वरला जाणारा रस्ता केळघर सोडले की घाटाला लागतो. तिथून पुढे प्रत्येक गाडीचा आवाज बदलतो. भाजी, किराणा, सिमेंट, हॉटेलांचे सामान घेऊन पिकअप वर चढतात. हंगामात स्ट्रॉबेरीचे क्रेट घेऊन खाली उतरतात. हप्त्यावर घेतलेली एक पिकअप आणि ती चालवणारा घरचा मुलगा, एवढ्यावर जावळी तालुक्यातली कित्येक घरे उभी आहेत. त्यामुळे ‘गाडी किती ओढते’ हा प्रश्न इथे थेट पोटाशी जोडलेला आहे. एका खेपेत दोनशे किलो जास्त गेले, तर तेवढाच हप्त्याला हातभार लागतो.

या प्रश्नावर एक सल्ला टायरच्या दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत फुकट मिळतो: ‘टायर एक साइज वाढवून घे, गाडी चढाला मोकळी पळेल, ओझंही जास्त घेईल.’ सल्ला देणारा सहसा भल्यासाठीच देतो. मोठ्या टायरची पिकअप दिसतेही दणकट. जमिनीपासून उंच, खड्ड्यातून ऐटीत निघणारी. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि घाटात तो जीवघेणा ठरू शकतो. इंजिन, गिअर आणि ब्रेक तेच ठेवून चाकाचा घेर वाढवला, तर गाडीची ओढण्याची ताकद कमी होते. थांबण्याची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात कमी होते. चढणीवर गाडी दमते, ते चालकाला कळते. उतारावर काय कमी झाले आहे, ते मात्र शेवटच्या वळणापर्यंत कळत नाही.

बैलगाडी आणि रहाट

हा गैरसमज आला कुठून, हे आधी पाहायला हवे, कारण तो निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. बैलगाडीचे चाक पुरुषभर नसले तरी छातीएवढे उंच असायचे. त्याला कारण होते. चाक जितके मोठे, तितके ते दगडावरून किंवा चाकोरीतून सहज निघते. लहान चाक त्याच खड्ड्यात अडकून बसते. पिढ्यान्‌पिढ्या हा अनुभव होता आणि तो खरा होता. मोठे चाक म्हणजे हलकी ओढ, हे गणित तिथूनच मनात बसले.

पण बैल चाक फिरवत नाही. तो जू ओढतो, गाडी पुढे सरकते आणि चाक आपोआप फिरते. पिकअपमध्ये नेमके उलट घडते. तिथे इंजिन आसाला पीळ देते, आस चाकाला फिरवतो आणि चाक जमिनीला मागे रेटून गाडी पुढे ढकलते. इथे चाकाची त्रिज्या हीच अडचण होते.

ज्यांनी विहिरीवरचा रहाट फिरवला आहे, त्यांना हे पुस्तकाशिवाय समजेल. दांडा तोच, हात तोच, बादली तीच. पण ज्या लाकडी गोलावर दोर गुंडाळला जातो तो जाड केला तर काय होईल? एका फेऱ्यात दोर जास्त वर येईल, बादली लवकर वर येईल, पण दांडा फिरवताना खांदे भरून येतील. भरलेली बादली कदाचित हलणारही नाही. गोल बारीक केला, तर फेरे जास्त मारावे लागतील, पण ओझे हलके वाटेल. पिकअपचा टायर हा त्या गोलासारखा आहे. घेर वाढवला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर तोडते आणि त्याची किंमत जोराने मोजते. शास्त्राच्या भाषेत, चाकाने जमिनीवर दिलेला रेटा म्हणजे आसाला मिळालेला पीळ भागिले चाकाची त्रिज्या. पीळ तोच राहून भाजक वाढला, तर उत्तर लहान येणारच.

आकड्यांत काय होते

टायरच्या कडेवर छापलेले आकडे बहुतेकांच्या नजरेखालून जातात, वाचले जात नाहीत. समजा त्यावर ‘२१५/७५ आर १५’ असे आहे. याचा अर्थ टायर २१५ मिलिमीटर रुंद आहे, त्याच्या कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के आहे आणि तो १५ इंची डिस्कवर बसतो. हिशेब केला तर या टायरचा पूर्ण व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर येतो. त्याच १५ इंची डिस्कवर ३१ इंच व्यासाचा रुबाबदार टायर चढवला, तर व्यास सुमारे ७८७ मिलिमीटर होतो. म्हणजे जवळपास १२ टक्के वाढ. डिस्क बदलली नाही, इंजिनला हात लावला नाही. तरी प्रत्येक गिअरमध्ये जमिनीवर मिळणारा रेटा साडेदहा टक्क्यांनी घटला.

साडेदहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. घाटात ते काय करतात, ते पाहू. १५ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणारा रस्ता घ्या. अशा चढावर दर टन वजनामागे सुमारे ६७ किलोचा जोर फक्त वर चढण्यासाठी लागतो. टायर रस्त्यावर लोळताना जो विरोध होतो, त्यासाठी डांबरी रस्त्यावर टनामागे साधारण १५ किलो धरू. म्हणजे टनाला ८२ किलो. आता समजा एखादी पिकअप मूळच्या टायरवर तिसऱ्या गिअरमध्ये ३५० किलोचा रेटा देते. गाडी आणि माल मिळून चार टन असेल, तर लागतात ३२८ किलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढते. तीच गाडी मोठ्या टायरवर ३१३ किलोचाच रेटा देते. ती चढत नाही. चालक दुसरा टाकतो.

या उदाहरणात टायर बदलल्याने त्या गिअरमधली सुमारे साडेचारशे किलो ओढण्याची क्षमता गेली. पैसे देऊन टायर वाढवले आणि नऊ पोती सिमेंटएवढी ताकद घालवली. मराठीत ‘गाडीला पिकअप नाही’ असे म्हणतात, तेव्हा गाडी चटकन उचल घेत नाही, असा अर्थ असतो. मोठ्या टायरने पिकअपचाच पिकअप जातो.

मग लोकांना फरक का जाणवत नाही? कारण पहिल्या गिअरमध्ये जोर भरपूर असतो. तिथे दहा टक्के गेले तरी गाडी हलते. सपाट रस्त्यावर तर गाडी छान पळते, उलट इंजिनचे फेरे कमी झाल्याने आवाजही शांत होतो. नुकसान चढावर, भरलेल्या गाडीत आणि वळणावर थांबून पुन्हा निघताना दिसते. तिथे क्लच अर्धा दाबून गाडी ओढली जाते, क्लच प्लेटचा जळका वास येतो आणि दोष दिला जातो कंपनीला नाहीतर डिझेलला.

ट्रॅक्टरचे काय?

यावर एक बिनतोड वाटणारा प्रश्न येतो. गळीत हंगामात सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर सगळे पाहतात. त्याची मागची चाके तर माणसाएवढी असतात. मग तो कसा ओढतो?

ट्रॅक्टर मोठ्या चाकांमुळे ओढत नाही. मोठी चाके असूनही ओढतो. त्याच्या गिअरबॉक्समध्ये आणि मागच्या आसाजवळ इंजिनचा वेग इतका उतरवलेला असतो, की चाकापाशी प्रचंड पीळ पोहोचतो. त्याची किंमत तो वेगाने चुकवतो. मोठी चाके त्याला दिली आहेत ती नांगरलेल्या, भुसभुशीत, चिखलाच्या जमिनीत रुतू नये आणि पकड मिळावी म्हणून. शेतात पकड कमी पडते, तिथे मोठा, खोल नक्षीचा टायर उपयोगी ठरतो. डांबरी घाटात भरलेल्या पिकअपला सहसा पकड कमी पडत नाही, जोर कमी पडतो. तिथे तेच औषध लागू होत नाही. ट्रॅक्टरचे चाक, गिअर, आस आणि ब्रेक हे सगळे एकमेकांना बघून बनवलेले असतात. पिकअपचेही तसेच असते. त्या जोडणीतला एकच भाग बदलला, तर बाकीचे भाग आपोआप बदलत नाहीत.

खरा धोका उतारावर

चढणीवर गाडी अडली, तर फार तर माल उतरवावा लागतो. उताराचा हिशेब वेगळा आहे. वर चढताना इंजिनने जेवढी ऊर्जा गाडीत साठवली, ती सगळी खाली येताना कुठेतरी खर्च व्हावी लागते. तीन टनांची गाडी सहाशे मीटर उंचीवरून खाली उतरली, तर जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढ्यात पन्नास लिटर थंड पाणी उकळीला येईल. सकाळच्या आंघोळीचा मोठा बंब डोळ्यांसमोर आणा. तेवढी उष्णता काही मिनिटांत इंजिन, हवा, टायर आणि ब्रेक यांना मिळून पचवायची असते.

शहाणा चालक यातला मोठा वाटा इंजिनवर टाकतो. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्राला धरून आहे. लहान गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे धरून ठेवते. पण तो धरण्याचा जोरही चाकाच्या त्रिज्येने भागला जातो. चाक मोठे केले की इंजिनची पकड सैल होते, आणि जो वाटा इंजिनने उचलायचा, तो ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनरचेही तेच दुखणे. ब्रेक आसाजवळ चाकाला धरतो. जमिनीवर पोहोचणारा अडवणूक करणारा जोर पुन्हा त्रिज्येने भागला जातो. त्याच पायाच्या दाबाला आता गाडी आधीपेक्षा कमी थांबते. म्हणून चालक जास्त दाबतो, जास्त वेळ दाबतो आणि लायनर आणखी तापतात.

तापलेल्या लायनरची पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळू लागते. साध्या ‘डॉट ३’ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. तसे झाले की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. जावळीतल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा? ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल स्पंजासारखे दबते आणि खालपर्यंत जाते. अपघातानंतर ऐकू येणारे ‘ब्रेक लागलाच नाही’ हे वाक्य पुष्कळदा अगदी खरे असते. फक्त ब्रेक निकामी होण्याची सुरुवात त्या वळणावर झालेली नसते. ती कित्येक महिने आधी, टायर बदलताना, माल चढवताना आणि ब्रेक ऑइल न बदलताना झालेली असते.

त्यात काटाही खोटे बोलू लागतो. वेगाचा काटा चाकाच्या मूळ घेरावर बेतलेला असतो. चाक १२ टक्के मोठे असेल, तर काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ४५ ने धावत असते. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हा फरक ब्रेकसाठी १२ नव्हे, २५ टक्क्यांचा होतो. शिवाय गाडी चार सेंटिमीटर उंच होते. भाताची पोती किंवा क्रेट रचून आधीच उंचावलेला भार आणखी वर जातो, आणि वळणावर गाडी कलंडायला तेवढाच कमी वेग पुरतो.

मागे काही ओढायचे असेल, तर हे सगळे दुणावते. हुक लावून काँक्रीट मिक्सर, जनरेटर किंवा पाण्याची टाकी पिकअपमागे नेली जाते. अशा ओढगाड्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. चढावर ती पिकअपला मागे खेचते; उतारावर पुढे ढकलते. वळणात ढकलली गेली, तर पुढची आणि मागची गाडी कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकींवर दुमडते. दोन्हींचे वजन थांबवायचे काम पिकअपच्या चार ब्रेकवर असते, आणि ते ब्रेक मोठ्या चाकांनी आधीच कमजोर केलेले असतात.

साइज आणि सोस वेगळे

‘टायर मोठा म्हणजे जास्त वजन पेलणारा’ हीसुद्धा अर्धीच गोष्ट आहे. टायर किती वजन सोसतो, हे त्याच्या कडेवर आकारापुढे छापलेल्या भारांकावरून कळते. भारांक १०० म्हणजे त्या टायरला ८०० किलो. १०४ म्हणजे ९०० किलो. १०८ म्हणजे १,००० किलो. दिसायला मोठा, पण भारांक कमी, असे टायर बाजारात मिळतात. कारण ते हौशी जीपगाड्यांसाठी बनवलेले असतात, मालासाठी नव्हे. तेव्हा रुबाबासाठी टायर वाढवताना वजन सोसण्याची ताकदही घटू शकते. शिवाय भारांकाचा आकडा टायरमध्ये पुरेशी हवा असेल तेव्हाचा असतो. हवा कमी असेल, तर टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आतून तापते आणि एक दिवस फुटते. हवा नेहमी टायर थंड असताना तपासायची, ती यासाठी.

मग त्याच मापाचा, जास्त भारांकाचा टायर घेतला तर? तो सुरक्षित आहे, पण त्याने गाडीची क्षमता वाढत नाही. जावळीतून मुंबईला माथाडी कामाला गेलेल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. डोक्यावरची चुंबळ जाड केली, तर टाळूला बरे वाटते. पण पोते पेलतात ते मान, कंबर आणि गुडघे. गाडीची मान आणि गुडघे म्हणजे तिचा आस, पाटे, बेअरिंग, चासी आणि ब्रेक. टायर, पाटे किंवा डिस्क, काहीही वाढवले तरी साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच मजबूत राहते. मालकाने पाटे वाढवून घेतले, की गाडी मागून बसलेली दिसत नाही, एवढाच फरक पडतो. ओझे तिथेच असते. ते सांगणारी खूण मात्र पुसली जाते.

मोठी डिस्क आणि चपटा टायर, ही दुसरी फॅशन. तिथे बाहेरचा व्यास तोच राखला, तर ओढीवर फारसा परिणाम होत नाही. पण टायरची कड पातळ झाल्याने खड्ड्याचा दणका थेट डिस्कला आणि चालकाच्या मणक्याला बसतो. चाकाचे वजन वाढले, तर वेग घेताना आणि थांबताना चाकाच्या कडेवरचा एक किलो जवळपास दोन किलोंसारखा वागतो, कारण तो पुढेही न्यावा लागतो आणि फिरवावाही लागतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग लहान टायर टाकू, ओढ वाढेल. ओढ वाढेल, हे खरे. पण लहान टायर सहसा कमी वजन सोसतो, जास्त फेरे मारून जास्त तापतो आणि गाडी जमिनीला टेकू लागते. निसर्ग या बाबतीत फुकट काही देत नाही. एका बाजूला मिळवले, ते दुसऱ्या बाजूला द्यावे लागते. गाडी बनवणाऱ्यांनी ही देवाणघेवाण आधीच तोलून टायरचे माप ठरवलेले असते. दारापाशी किंवा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत ते हवेच्या दाबासह लिहिलेले असते. त्या मापाला चिकटून राहणे, एवढाच शहाणपणा आहे.

कायद्याला ठाऊक आहे, आपल्याला नाही

विशेष म्हणजे टायरचा आकार आणि गाडीचे वजन यांचे नाते कायद्याने केव्हाच ओळखले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५८ नुसार मालवाहू गाडीच्या नोंदणीत तिचे रिकामे वजन, मालासह एकूण वजन, आसावरचे वजन आणि त्याबरोबर प्रत्येक चाकाच्या टायरची संख्या, प्रकार आणि आकार यांची नोंद होते. ही माहिती गाडीवर दिसेल अशी लावायचीही असते. कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. जास्त माल भरल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

कायदा एवढा नेमका असूनही रस्त्यावर तो पोहोचत नाही, कारण व्यवहारात बहुधा चालकच पकडला जातो. गाडीच्या फाळक्यावर इंग्रजी आद्याक्षरांत रंगवलेला वजनाचा आकडा माल भरणारा हमाल वाचत नाही, व्यापारी वाचत नाही, बांधकामावरचा मुकादम वाचत नाही. ‘अजून दहा पोती बसतील’ असे म्हणणारा दंडाच्या पावतीवर कधीच नसतो. चालकाला लोभी म्हणणे सोपे आहे. भाडे खेपेवर ठरते, डिझेल आणि हप्ता मात्र वेगळ्याच घड्याळावर चालतात. ज्याला खेप नाकारणे परवडत नाही, त्याच्याकडूनच सगळी शिस्त मागणे हा न्याय नव्हे, आणि त्याने अपघातही टळत नाहीत.

म्हणून जबाबदारी वाटून घ्यावी लागेल. टायर विकणाऱ्याने मालवाहू गाडीला टायर बसवण्याआधी नोंदणीच्या कागदावरचे माप पाहावे आणि वेगळे माप बसवायला नकार द्यावा. औषधाचा दुकानदार चिठ्ठी पाहतो, तसे. पासिंगच्या वेळी दिवे, हॉर्न आणि धूर तपासला जातो. त्याच वेळी टायरच्या कडेवरचे माप आणि भारांक कागदाशी ताडून पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. बाजार समित्या, साखर कारखाने, बांधकाम साहित्याची दुकाने यांच्याकडे वजनकाटे आहेत. माल देणाऱ्याने गाडीवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा एकाच पावतीवर लिहायची पद्धत पाडली, तर जबाबदारी कोणाची, हा वाद उरणार नाही. आणि गाडीच्या दारावर ‘माल १,२०० किलोपर्यंत’ असे ठळक मराठीत लिहिलेले असले, तर तो आकडा हमालालाही वाचता येईल आणि चालकाला ‘नाही’ म्हणायला आधार मिळेल.

हा आरोग्याचाच प्रश्न

रस्ते अपघातांत भारतात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. एखाद्या साथीने एवढे बळी घेतले असते, तर गावोगाव फवारणी झाली असती. अपघाताकडे मात्र नशीब म्हणून पाहिले जाते. डोक्याला मार लागला किंवा पोटात रक्तस्राव झाला, तर पहिला तास फार मोलाचा असतो. घाटातल्या दरीतून माणूस वर काढणे, १०८ ची रुग्णवाहिका पोहोचणे, मेढ्याहून पुढे सातारा गाठणे, यात तो तास सहज निघून जातो. डॉक्टर कितीही निष्णात असला, तरी गेलेला तास त्याला परत आणता येत नाही. म्हणून घाटातल्या अपघातावरचा सर्वांत प्रभावी उपचार अपघाताच्या आधीच करायचा असतो, आणि त्यातला काही भाग टायरच्या दुकानात होतो.

चालकाच्या हाती काय आहे? नोंदणीच्या कागदावरचे माप आणि टायरवरचे माप एकदा शेजारी ठेवून वाचावे. आधीच मोठे टायर चढवले असतील, तर पुढच्या वेळची वाट न पाहता मूळ मापावर यावे. तोवर माल निम्मा करावा आणि काट्यावर विसंबू नये. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर तो टायर घाटात नेऊ नये. ब्रेक ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलावे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याचा मोह सोडावा. आजच्या बहुतेक इंजिनांत गिअरमध्ये उतरताना डिझेल जवळपास बंदच होते, त्यामुळे न्यूट्रल करून वाचत काही नाही, इंजिनचा आधार मात्र जातो. ब्रेकचा वास येऊ लागला, तर रस्ता रुंद आहे तिथे थांबून ब्रेक निवू द्यावेत. त्यावर पाणी ओतू नये. तापलेला ड्रम अचानक गार झाला तर त्याला तडा जाऊ शकतो.

आणि एक सवय मनातूनच काढायला हवी. खेपेचा हिशेब करताना ‘गाडी चढेल का?’ एवढेच विचारले जाते. केळघरचा घाट रोज उतरणाऱ्याने विचारायचा प्रश्न दुसरा आहे: ‘एवढे वजन घेऊन, या चाकांवर, गाडी प्रत्येक वळणावर थांबेल का?’ त्याचे उत्तर शंभर टक्के ‘हो’ नसेल, तर दोन खेपा कराव्यात. दुसऱ्या खेपेचे डिझेल जाईल, अर्धा दिवस जाईल. पण संध्याकाळी गाडी घराच्या अंगणात उभी असेल.